फोटोतला काळा डाग? थांबा, तिथे तारा जन्मतोय!

सारोळ्यात हायवेच्या दिव्यांपासून लांब जाऊन मी नाइट मोडवर आकाशगंगेचा फोटो काढला. मधले काळे पट्टे बघून चुलतभाऊ म्हणाला, "दादा, इथे तारेच नाहीत!"

आहेत, पण समोर धूळ आहे. या पट्ट्यांहून खूप लहान, दाट ढगांना 'बोक गोलिका' म्हणतात. त्यांत तारे जन्मत असावेत, असं बार्ट बोक यांनी १९४७ मध्ये सुचवलं. १९९० मध्ये पुरावा मिळाला.

भुजंगधारी तारकासमूहातला बर्नार्ड ६८ घ्या. रुंदी साधारण अर्धा प्रकाशवर्ष, तापमान उणे २६० अंशांच्या आसपास. इतक्या थंडीत वायूचा दाब कमी असतो. गुरुत्वाकर्षण वरचढ ठरलं की असा ढग आत कोसळतो आणि गाभा तापत जातो. ढगात मालच थोडा, म्हणून ताराही छोटा. बर्नार्ड ६८ मध्ये अजून तारा नाही, पण गरुड तारकासमूहातल्या बर्नार्ड ३३५ मध्ये एक घडतोय.

आतलं दिसतं कसं? टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर त्याचा दिवा लुकलुकताना दिसेल. डोळ्यांना न दिसणारा हा इन्फ्रारेड प्रकाश. त्याच्या लांब लहरी धुळीतून बऱ्याच सहज पार होतात, म्हणून दुर्बिणी तोच टिपतात.

तेव्हा फोटोत काळं दिसलं म्हणून लगेच डिलीट करू नका!