कड्यावर राहणारी समुद्राची लेक

पावसाळ्यात भिवपुरीच्या किंवा खोपोलीच्या धबधब्यापाशी उभे राहिलो की नजर पाण्याच्या लोटावरच खिळते. बाजूच्या काळ्या कातळावर नुसते तुषार उडत असतात, तिकडे फारसे कुणी पाहत नाही. पण सह्याद्रीतल्या अशाच ओल्या कड्यांवर, ३०० ते १४०० मीटर उंचीवर, नखाएवढी एक गोगलगाय राहते. तिचे नाव क्रेम्नोकाँकस, आणि कूळ लिटोरिनिडी. हे कूळ समुद्राचे! भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, लाटांच्या फवाऱ्यात खडकाला चिकटून राहणाऱ्या गोगलगायींचे. जगभर पसरलेल्या या कुळात गोड्या पाण्यात नांदणारी प्रजाती ही एवढीच, आणि तीही फक्त पश्चिम घाटात.

हिला योग्य घरी बसवायला वेळ लागला. १८५५ साली लेयार्डने तिची एक जात नोंदवली, ती अँक्युलोटस या नदीतल्या गोगलगायींच्या प्रजातीत घालून. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्डने १८६३ मध्ये तिच्यासाठी क्रेम्नोबेट्स ही नवी प्रजाती केली. पण ते नाव एका माशाने आधीच घेतलेले निघाले. एक नाव दोन प्राण्यांना चालत नाही, म्हणून १८६९ मध्ये क्रेम्नोकाँकस. २०१३ साली डेव्हिड रीड, अरविंद आणि मध्यस्थ यांनी साऱ्या गटाची नव्याने तपासणी केली, तेव्हा कर्नाटकातल्या घाटातून अनेक नव्या जाती पुढे आल्या. त्यांतल्या एकीचे नाव आगुंब्यावरून आगुंबेन्सिस.

मला सगळ्यात थरारक वाटतो तो ब्लॅनफर्डचा १८६३ चा लेख. त्यात कड्यावरच्या आणखी एका गोगलगायीचे वर्णन आहे, लिथोटिस रुपिकोलाचे. दोघींचा निवारा सारखाच: उभा कातळ आणि ओल. पण क्रेम्नोकाँकस अंग आत ओढून घेते आणि शंखाचे तोंड झाकणाने बंद करते. तिच्या कुळाच्या खरखरीत जिभेवर दातांच्या ओळी असतात, दर ओळीत सात. लिथोटिसला झाकणच नाही. ती फुप्फुसाने श्वास घेते आणि तिचे कूळ सक्सिनिडी, जमिनीवरच्या गोगलगायींचे. एकीचे पूर्वज समुद्राच्या खडकांवरचे, दुसरीचे जमिनीवरचे, आणि दोघी आल्या त्या सह्याद्रीच्या कड्यावर.