फडताळातील इतिहास

इतिहास म्हटला की गड, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. वास्तविक महाराष्ट्राच्या इतिहासाची कितीतरी अस्सल साधने सापडली ती घरोघरच्या माळ्यांवर, धूळ खात पडलेल्या रुमालांत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून अशी दप्तरे मिळविली, १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. घराचा माळा हेही इतिहासाचे दालन आहे, हे त्या पिढीने शिकविले. परंतु त्याच घराच्या फडताळातील दोन साधने अद्याप बहुतांशी दुर्लक्षित आहेत. एक, जुनी छायाचित्रे. दुसरे, आजी-पणजीच्या हातच्या पाककृती.

या साधनांची गरज काय, असा प्रश्न येईल. वंशावळी आणि कुलवृत्तांत आपल्याकडे आहेतच. त्र्यंबकेश्वर व पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही अनेक घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या आढळतात. मात्र या नोंदींचा कणा पुरुषांचा आहे. पणजोबांचे नाव सर्वांना ठाऊक असते. पणजीचे माहेरचे नाव विचारले तर भलीभली घरे निरुत्तर होतात. विवाहात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलण्याची रीत असल्याने ती स्त्री कागदावरून दोनदा पुसली जाते. ती उरते ती एखाद्या छायाचित्रात, आणि घरात अजून शिजणाऱ्या एखाद्या पदार्थात.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत छायाचित्रणाचा प्रसार लहान शहरांपर्यंत झाला. जुन्या चित्रातील माणसे ताठ व गंभीर दिसतात, याचे एक कारण तांत्रिक आहे. त्या काळी चित्र उमटावयास वेळ लागे आणि थोडी हालचाल होताच चेहरा पुसट होई. चित्राच्या पुठ्ठ्यावर छापलेले स्टुडिओचे व गावाचे नाव कुटुंबाच्या स्थलांतराचा किंवा कर्त्या पुरुषाच्या बदलीचा माग देते. पगडीची टोपी झाली, नऊवारीची पाचवारी झाली, यावरून काळाचा अदमास बांधता येतो. तरीही चित्रावर आंधळा विश्वास ठेवू नये. मागचा रंगविलेला पडदा, नक्षीची खुर्ची, प्रसंगी हातातले पुस्तकही स्टुडिओचे असे. चित्रात कोण नाही, हा प्रश्न तर अधिक महत्त्वाचा होय. घरचा स्वयंपाक जन्मभर सांभाळणाऱ्या विधवा आत्याला समारंभाच्या चित्रात क्वचितच स्थान मिळे. तिचा शोध चुलीपाशीच घ्यावा लागतो.

पाकशास्त्राची छापील पुस्तके मराठीत जुनी आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, तर कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. पण घरच्या वहीतील कृती निराळे सांगते. तिच्यातील शेर, मापटे, चिपटे, नवटाक ही मापे १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने बाजारातून गेली. पायली तर प्रांतोप्रांती निराळी होती. माप ओळखले की गावही ओळखता येते. घाटावरच्या घरात शेंगदाण्याच्या कुटाऐवजी ओला नारळ पडत असेल, तर कोणी सून कोकणातून आली असावी, असा तर्क करता येतो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला गेलेल्या मराठी मंडळींच्या वंशजांत उडदाच्या पिठाचे ‘डांगर’ आजही त्याच नावाने ओळखले जाते. अर्थात येथेही चिकित्सा हवी. ज्याला आपण सनातन उपवासाचा फराळ समजतो, त्यातील बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सारी अमेरिका खंडातून पोर्तुगीज काळात व त्यानंतर आलेली पिके आहेत.

ज्या घरांत छायाचित्र काढण्याइतका पैसाच कधी नव्हता, त्यांचे काय? त्यांच्याकडे वहीही नव्हती; होती ती केवळ आठवण. १९७२ च्या दुष्काळात कामावर मिळालेली सुकडी आणि रेशनवरची मिलो यांची चव पुष्कळ घरांनी जाणूनबुजून विसरावयाचे ठरविले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची नोंद केली, तेव्हा जे कोणत्याही पाकपुस्तकात नव्हते ते इतिहासाच्या कक्षेत आले. कुळाचा इतिहास म्हणजे कुळाची थोरवी, ही समजूत सोडली तरच या साधनांचा उपयोग आहे. सणाच्या पक्वान्नाइतकीच टंचाईची भाकरीही नोंदली पाहिजे.

हे काम खर्चाचे नाही. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे, गाव, अंदाजे साल आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव लिहावे. तर्क असेल तेथे तसे स्पष्ट नमूद करावे. नोंद नसलेल्या कागदाची काय किंमत राहते, हे कार्यालयात काम करणारास सांगावयास नको. आजीची ‘मूठभर’ आणि ‘अंदाजाने’ ही मापे तिच्याच हाताने काढवून वजन करून घ्यावीत, मात्र तिचे शब्द बदलू नयेत, आणि हे तिला कोणी शिकविले हेही विचारावे. शिक्षकांनी दिवाळीच्या सुटीत विद्यार्थ्यांना एवढे काम दिले, तरी कित्येक पणज्यांची नावे कागदावर येतील.

आज भ्रमणध्वनीत हजारो चित्रे साठतात, पण त्यांतील माणसे कोण, याची नोंद पूर्वीइतकीच दुर्मिळ आहे. कसर लागलेला कागद कधीतरी दुरुस्त करता येतो. परंतु चित्रातली डावीकडची तिसरी बाई कोण, हे सांगू शकणारी वृद्धा गेली, तर ते दप्तर कायमचे मिटते. विचारावयाचे ते ती असतानाच विचारले पाहिजे.