जड पाणी, कोरा चहा आणि बाजरीची भाकरी

म्हसवडला पुण्या-मुंबईहून येणारा पाहुणा हल्ली हातात ग्रीन टीचं पाकीट घेऊन येतो. ते पाकीट दोनदा वापरलं जातं आणि मग फडताळात मागं सरकतं. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "कडू लागतो ओ, आणि रंगपण कसातरीच येतो." तक्रार खरी आहे. पण दोष त्या पानात कमी आहे. तो जास्त आहे आपल्या उकळण्यात आणि आपल्या बोअरच्या पाण्यात.

माझं पीएचडीचं काम पॉलिफिनॉल नावाच्या रसायनांवर आहे. चहाचा तुरटपणा, रंग आणि बरीचशी कीर्ती याच रसायनांमुळे. म्हणून आज चहाचे प्रकार, ते आपल्याकडच्या पाण्यात करायचे कसे, आणि शेवटी भाकरीशी त्यांचं असलेलं भांडण, एवढं सांगते.

आधी पानाचं बघू. ग्रीन, व्हाइट, उलाँग, दार्जिलिंग आणि आपली रोजची पावडर ही सगळी एकाच झाडाची पानं, कॅमेलिया सायनेन्सिस. (गवती चहा यात येत नाही, ते गवतच आहे. पुदिना, तुळस, कॅमोमाइल हेही नावापुरतेच चहा.) फरक पडतो तो पान तोडल्यावर त्याचं काय केलं यावर. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? वांग्यात जे एन्झाइम हवेच्या मदतीनं हे करतं, त्याच जातीचं एन्झाइम चहाच्या पानातही असतं. पान तोडल्यावर लगेच वाफवलं किंवा कढईत परतलं की ते एन्झाइम मरतं, पान हिरवं राहतं, तो ग्रीन टी. अर्धवट काळं पडू दिलं की उलाँग. पूर्ण पडू दिलं की काळा चहा. कोवळी कळी नुसती सुकवली की व्हाइट टी. आणि पान दातेरी रुळांतून चिरडत, फाडत, गुंडाळत बारीक दाणे केले की सीटीसी, म्हणजे आपण किराणा दुकानातून आणतो तो. हे यंत्र १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात आलं. आज "चहा" म्हटल्यावर जी चव तुमच्या जिभेवर येते, ती खरं तर या यंत्राची चव आहे. तिला शंभर वर्षंही झालेली नाहीत.

आता पाणी. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या आपल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. जिथं पाऊस भरपूर, तिथं जमिनीतले क्षार धुऊन जातात. इथं ते जागेवरच राहतात. विहीर खणताना मातीत पांढरी चुनखड लागते, ती याचीच खूण. त्या चुन्यातून झिरपून आलेलं पाणी कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊनच बोअरमध्ये येतं. आपण त्याला जड पाणी म्हणतो. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरं पुटं चढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. दुष्काळी भागात दुसरा स्रोत नसतोच, त्यामुळे हा अपवादच आपला नियम होऊन बसतो.

या पाण्यात चहाचं काय होतं ते घरी बघता येईल. एका कपात बोअरच्या पाण्याचा कोरा चहा करा, दुसऱ्यात जारच्या, म्हणजे फिल्टरच्या पाण्याचा. दूध-साखर नको. दहा मिनिटांनी कप उजेडात तिरपा धरा. बोअरच्या कपावर पातळ चकचकीत पापुद्रा दिसेल, चमच्यानं हलवला तर भेगा पडून त्याचे तुकडे होतील. ही साय नाही, दूध तर घातलेलंच नाही. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये मायकेल स्पायरो आणि देओग्रातिअस जगन्यी यांनी याच पापुद्र्याचा अभ्यास केला आणि १९९३ साली तो 'नेचर'मध्ये छापून आला. (हो, चहावरच्या तवंगावर, 'नेचर'मध्ये. माझ्या विषयाला घरी कुणी हसलं की मी हे उदाहरण देते.) तवंग धरायला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही लागतात आणि पृष्ठभागावर हवेशी संपर्क आलेली पॉलिफिनॉल त्यात अडकून बसतात, असं त्यांना दिसलं. लिंबू पिळलं की बायकार्बोनेट संपतं आणि तवंग धरत नाही. चहा कडक असला तरी तो कमी धरतो, कारण कडक चहा स्वतःच थोडा आंबट असतो. २०२१ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी या पापुद्र्याची ताकद उपकरणानं मोजली. पाणी जितकं कठीण, तितका पापुद्रा मजबूत.

म्हणून आपल्या भागातला दुधाचा, उकळलेला, कडक चहा मला अडाणीपणाचा वाटत नाही. जड पाण्यात नाजूक पानाचा वास दबतो, तिथं सीटीसीचा जोरकस दाणा टिकून राहतो. उकळल्यानं बायकार्बोनेटचा काही भाग पुटाच्या रूपात भांड्याला बसतो. दुधातलं केसीन हे प्रथिन तुरट पॉलिफिनॉलना धरून ठेवतं, म्हणून पाच मिनिटं उकळूनही घशाला ओढ बसत नाही. शहरातले चहाशौकीन याला नाक मुरडतात. त्यांनी इथल्या बोअरच्या पाण्यात आपला दार्जिलिंग करून दाखवावा.

पण तेच पाकीट फडताळातून बाहेर काढायचं असेल, तर करता येतं. पहिली गोष्ट, पान पाण्यात घालून उकळायचं नाही. पाणी उकळायचं, मग पान घालून झाकायचं आणि गाळायचं. कपभर, म्हणजे साधारण १५० मिली पाण्याला दोन ग्रॅम पान पुरतं. ग्रीन टीला ७५ ते ८० अंशांचं पाणी लागतं. कारण त्यातली गोडसर अमिनो आम्लं कमी उष्णतेतही उतरतात, कडू कॅटेचिन आणि कॅफीन मात्र पाणी जितकं गरम तितकी जास्त सुटतात. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग माठातलं पिण्याचं पाणी एकत्र करा, हिशेब ८० च्या जवळपास येतो. दोन मिनिटांत गाळा. उलाँग आणि दार्जिलिंगला ९० च्या आसपास चालतं, म्हणजे कपभर उकळत्या पाण्यात तीन चमचे गार पाणी, आणि तीन मिनिटं. उलाँगचं पान टाकून देऊ नका, त्याच पानाचा दुसरा कप पुष्कळदा पहिल्याहून छान होतो. व्हाइट टीला ग्रीनपेक्षा किंचित गरम पाणी आणि दुप्पट वेळ द्या. महाबळेश्वरला फिरायला गेलात तर ही मोजमापं थोडी बदलतील. तिथं उंचीमुळे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

पाणी कोणतं घ्यायचं? बोअरचं पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा, निवळू द्या आणि वरचं वापरा. कठीणपणा पूर्ण जात नाही, पण बायकार्बोनेटचा वाटा कमी होतो. जारचं पाणी असेल तर रंग स्वच्छ येतो, फक्त नुसत्या जारच्या पाण्यातला चहा मला जरा पोकळ लागतो. मी निम्मं-निम्मं करते.

इथं एक गंमत आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०१९ मध्ये नळाच्या आणि शुद्ध केलेल्या पाण्यात चहा करून लोकांना प्यायला दिला. शुद्ध पाण्यातल्या ग्रीन टीमध्ये ईजीसीजी हे कॅटेचिन जवळपास दुप्पट उतरलं. तरीही लोकांना नळाच्या पाण्यातला ग्रीन टी जास्त आवडला, कारण तो कमी कडू होता. तब्येतीसाठी पिणारा आणि चवीसाठी पिणारा यांचं पाणी एकच असेल असं नाही.

गुळाच्या चहाबद्दलही विचारणा होते, तो फाटतो म्हणून. गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात, उकळीच्या उष्णतेत ते दुधातलं केसीन गोठवतात. पाणी, पावडर आणि गूळ आधी उकळा, आच बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग वेगळं तापवलेलं दूध ओता. सहसा फाटत नाही.

आणि याच गुळामुळे मी माझ्या खऱ्या विषयाला येते. "गुळात लोह असतं, म्हणून गुळाचा चहा चांगला" असं आपण बायकांना, विशेषतः बाळंतिणीला सांगतो. एक प्रयोग करून बघा. आरोग्य केंद्रातून मिळते त्या लोहाच्या गोळीचा बारीक तुकडा कोमट कोऱ्या चहात टाका. (हा चहा प्यायचा नाही.) चहा शाईसारखा काळा होत जाईल. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, तीच ही रसायनक्रिया. पॉलिफिनॉल लोहाला घट्ट धरतात. पोटात हेच घडलं की ते लोह रक्तापर्यंत पोहोचत नाही, तसंच बाहेर पडतं.

हे किती मोठं आहे? १९९९ मध्ये हरेल, रेड्डी आणि कुक यांनी माणसांवर मोजून पाहिलं. पाव खाताना पाण्याऐवजी काळा चहा दिला तर लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. पुदिन्याच्या चहानं ८४ टक्क्यांनी. म्हणजे "हर्बल" लिहिलं म्हणून सुटका नाही. आणि दूध घातल्यानं फारसा फरक पडला नाही. केसीन जिभेला वाचवतं, लोहाला नाही.

आता आपली सकाळ आठवा. चहात बुडवून चपाती, नाहीतर बाजरीची शिळी भाकरी. बाजरीत लोह चांगलं असतं. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी तर 'धनशक्ती' ही जास्त लोहाची बाजरी तयार केली, किलोमागे सत्तरएक मिलिग्रॅमची. बाजरीत फायटेट असतात, ते आधीच थोडं लोह अडवतात. वर्षानुवर्षं खपून दाण्यात लोह वाढवायचं आणि पहिल्या घोटाबरोबर ते चहाच्या हवाली करायचं, असा हा व्यवहार आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळं चहावर ढकलता येणार नाही. पण यातलं हे एक कारण बिनखर्चाचं हटवता येतं.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी माण तालुक्यात कोण ऐकेल! फक्त वेळ सरकवा. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या निरोगी स्त्रियांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात जेवणानंतर तासभर थांबून चहा दिला, तेव्हा लोहावरचा परिणाम बराच कमी झाला. शेतावर जाणारीला न्याहारीनंतर तासाभरानं तसाही चहा लागतोच. तो दुसरा चहा खरा चहा समजा आणि न्याहारीसोबतचा वगळा. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा आवळा असेल तर क जीवनसत्त्वामुळे लोह उलट जास्त शोषलं जातं. आणि आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर कधीच घेऊ नका, घरात कुणी घेत असेल तर थांबवा. ती पाण्याबरोबरच घ्यायची. बोअरचं जड असलं तरी फिल्टरचं पाणी हाताशी असेल तर ते बरं, कारण कॅल्शियमही लोहाच्या वाटेत थोडं आडवं येतं.