आशाताईंचा वर्ग फोनवर भरतो, पण असं शिकून खरंच फरक पडतो का?

बाळाला जुलाब लागले की घरात पहिला सल्ला ठरलेला असतो: पाणी कमी पाजा, म्हणजे जुलाब आपोआप थांबतील. आशाताई मात्र उलटंच सांगतात. ओआरएस पाजत राहा, अंगावरचं दूध बंद करू नका आणि जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण करा.

"जुलाब थांबले, मग गोळ्या कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. "वरून तसं सांगितलंय" एवढंच उत्तर मिळालं, तर गोळ्या डब्यातच राहतात. आशाताईंना कारण माहीत असेल तर गोष्ट वेगळी.

पुरावा म्हणजे नेमकं काय?

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. बनगावमध्ये सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आला.

झिंकचंही तसंच. अनेक देशांतल्या चाचण्यांमध्ये दिसलं, की झिंकमुळे जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा लागण्याची शक्यता कमी होते. म्हणून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ओआरएससोबत झिंक द्यायची शिफारस केली.

गोळ्या पूर्ण का करायच्या, याचं उत्तर इथे आहे. आणि एक अडचणही इथेच आहे. २००४ च्या आधी शिकून बाहेर पडलेल्या नर्सबाईंच्या अभ्यासात झिंक नव्हतंच. पुरावा बदलतो, पण एकदा झालेलं ट्रेनिंग आपोआप बदलत नाही.

मग फोन कशाला?

देशात सुमारे १० लाख आशा आहेत. प्रत्येक नव्या माहितीसाठी सगळ्यांना तालुक्याला बोलावणं शक्य नाही. तेवढे दिवस गावातल्या गृहभेटीही बुडतात.

यावर एक उपाय म्हणजे 'मोबाइल अकॅडमी'. बीबीसी मीडिया अ‍ॅक्शनने २०१२ मध्ये बिहारमध्ये हा ऑडिओ कोर्स सुरू केला आणि पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तो इतर राज्यांत नेला. त्याला ना स्मार्टफोन लागतो, ना इंटरनेट. नंबर लावायचा आणि 'डॉक्टर अनिता' या पात्राचे धडे ऐकायचे. एकूण २४० मिनिटांचा अभ्यास, ११ प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी प्रश्न. काम आलं तर फोन ठेवायचा, नंतर तिथूनच पुढे ऐकायचं.

पण लांबून शिकवलेलं कामी येतं का?

हा प्रश्नही पुराव्यानेच सोडवायला हवा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. हिपॅटायटिस-सी चे रुग्ण खेड्यापाड्यांत होते आणि तज्ज्ञ शहरात. म्हणून खेड्यातल्या डॉक्टर-नर्सना दर आठवड्याला व्हिडिओवर जोडून, त्यांच्याच रुग्णांवर चर्चा करत शिकवलं गेलं.

२०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते, तर लांबून शिकलेल्यांकडे ५८.२ टक्के. म्हणजे जवळपास सारखेच.

इथे मोजलं काय, हे महत्त्वाचं. किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती सर्टिफिकेटं वाटली, हे नाही. रुग्ण बरे झाले का, हे मोजलं.

जे फोनवर शिकता येत नाही

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या महिलांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, त्यामागे हे काम आहे.

पण बाळाचे श्वास मोजणं, वजन करणं, ताप बघणं या गोष्टी नुसत्या ऐकून हातात बसत नाहीत. त्या कुणीतरी समोर करून दाखवाव्या लागतात, आपल्या हाताने कराव्या लागतात आणि चुकलं तर सांगणारं माणूस शेजारी लागतं.

त्यामुळे 'का' हे फोनवर शिकता येतं, 'कसं' हे मात्र बाळापाशी बसूनच शिकावं लागतं. नवं अ‍ॅप किंवा ऑनलाइन कोर्स आल्याची बातमी वाचली, की कितीजणी शिकल्या यापेक्षा त्यानंतर किती बाळांना झिंक पूर्ण १४ दिवस मिळालं, हे विचारायला हवं.