गहू थंडीला सरावतो, मग द्राक्ष का नाही?

अंबड (नाशिक) - उत्तरेकडील थंड वारे वाहू लागले, की अंबड औद्योगिक वसाहतीत पहाटेच्या पाळीला निघालेले कामगार शेकोटीभोवती थबकलेले दिसतात. त्याच वेळी निफाड, दिंडोरीतील द्राक्षबागांतही शेकोट्या पेटलेल्या असतात. शेजारच्या गव्हासाठी मात्र कोणी शेकोटी पेटवीत नाही. एकाच थंडीचा दोन पिकांवर होणारा हा भिन्न परिणाम सजीवांच्या तापमानाशी जुळवून घेण्याच्या क्षमतेवर प्रकाश टाकतो.

तयारीला हवा अवधी

तापमान हळूहळू उतरले, तर वनस्पतीच्या पेशी थंडीची तयारी करतात. थंडीत तूप थिजते, तेल मात्र पातळ राहते. पेशींच्या आवरणातील स्निग्ध घटकही अशाच रीतीने बदलतात आणि आवरण लवचिक राहते. पेशींत शर्करा व प्रोलिनसारखी द्रव्ये साठून पाणी सहजासहजी गोठत नाही. या तयारीला काही दिवस ते काही आठवडे लागतात. पारा एका रात्रीत कोसळला, तर तेवढी सवड मिळत नाही.

गहू हे मुळात थंड हवामानाचे पीक. वाढीच्या काळातील थंडीत त्याला फुटवे अधिक येतात.

द्राक्षवेलीची अडचण

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यापूर्वी पाने गाळून सुप्तावस्थेत जाते. तिचे सुप्त डोळे शून्याखाली १५ अंशांपर्यंतची थंडीही सोसू शकतात. नाशिकमध्ये एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी बहाराची छाटणी होते. त्यामुळे ऐन थंडीत वेल हिरवीगार असते, घड वाढत असतात आणि वेलीला विश्रांती मिळत नाही. परिणामी मण्यांची फुगवण मंदावते, मण्यांना तडे जातात. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडल्यास हिरवे मणी गुलाबी पडतात व निर्यातीत नाकारले जातात. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा दोन अंशांखाली घसरला, तेव्हा बागायतदारांच्या तोंडचे पाणी पळाले होते. अशा वेळी पहाटे ठिबकने पाणी देणे आणि बागेत धूर करणे, हेच उपाय हाती उरतात.

प्राण्यांचेही तेच

दिवस लहान होऊ लागताच जनावरांच्या अंगावरील केस दाट होतात. शरीर उबदार ठेवण्यासाठी त्यांना चाराही अधिक लागतो. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यात उतरणाऱ्या स्थलांतरित बदकांच्या पायांत उष्ण व थंड रक्ताच्या वाहिन्या लगत असतात. पायाकडे जाणारे रक्त आपली उष्णता परतणाऱ्या रक्ताला देते आणि ती वाया जात नाही. काही आठवडे थंडीत वावरलेला माणूसही पूर्वीपेक्षा कमी कुडकुडतो.

हवामान खात्याच्या निकषातही हेच सूत्र आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट मानली जाते. त्यामुळे बागायतदार व पशुपालकांनी केवळ आजचा पारा न पाहता, तो किती झपाट्याने उतरतो आहे, याकडेही लक्ष देणे हिताचे ठरते.