छात्राध्यापक आपल्या शाळेत का येतात?

पालक बंधू-भगिनींनो, विश्वस्त मंडळी आणि विद्यार्थी मित्रांनो,



मागील पालक सभेत एका पालकांनी आम्हाला सरळ प्रश्न विचारला, "दरवर्षी बी.एड.ची शिकाऊ मुले-मुली येतात आणि आमच्या मुलांवर हात बसवतात. त्यांच्या पाठांमुळे अभ्यासक्रम मागे पडतो. मग त्यांना शाळेत घ्यायचेच कशाला?" विश्वस्त मंडळातही हा विषय निघाला होता. सभेत वेळ कमी होता, म्हणून आमचे उत्तर येथे सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. गणित येणे आणि गणित शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीसाठी पदवी असते, दुसऱ्या गोष्टीसाठी बी.एड. आणि डी.एल.एड. हे अभ्यासक्रम असतात. डी.एल.एड.ला गुजरातमध्ये पूर्वी पी.टी.सी. म्हणत, ते नाव जुन्या पालकांना आठवत असेल. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ठरलेली पात्रता आवश्यक झाली. तिच्यातच शिक्षक पात्रता परीक्षाही आली. १५० गुणांच्या या परीक्षेत साधारणपणे ६० टक्के गुण मिळवावे लागतात. पुढे ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, असा निकाल दिला. लहान मुलांना शिकवणे हे मोठ्यांना शिकवण्यापेक्षा सोपे नसून वेगळे काम आहे आणि त्याचे शिक्षणही वेगळे घ्यावे लागते, हा त्यामागचा अर्थ आहे.

आता बी.एड.मध्ये नेमके काय शिकवतात ते पाहू. २०१५ पर्यंत हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ चे नियम केले आणि बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यात बालकाचा विकास, अध्ययन आणि अध्यापन, मूल्यमापन, समावेशक शाळा असे विषय असतात आणि प्रत्येकाच्या विषयाची अध्यापन पद्धतीही असते. यासोबत २० आठवडे शाळेत काम करावे लागते. पहिल्या वर्षी ४ आठवडे आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे. याला आंतरवासिता म्हणतात. महाविद्यालयातील तासांना ८० टक्के हजेरी चालते, पण आंतरवासितेला ९० टक्के लागते. नियम करणाऱ्यांनी कशाला जास्त महत्त्व दिले, हे यावरून कळते.

शाळेत पाठवण्याआधी महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापन करून घेतात. प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन यांपैकी एकच कौशल्य घ्यायचे आणि त्याचा छोटा पाठ द्यायचा. ही पद्धत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या दशकात सुरू झाली. भारतात तिच्यावर मोठे काम झाले ते आपल्या जवळच, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. भारतीय पद्धतीत एक चक्र ३६ मिनिटांचे असते. ६ मिनिटे शिकवणे, ६ मिनिटे चुका ऐकणे, १२ मिनिटे नवी तयारी, ६ मिनिटे पुन्हा शिकवणे आणि ६ मिनिटे पुन्हा ऐकणे. शिकवण्यापेक्षा ऐकायला आणि सुधारायला दुप्पट वेळ दिला आहे, हे लक्षात घ्यावे.

परंतु तेथे समोर बसलेले विद्यार्थी म्हणजे सोबतचे छात्राध्यापकच असतात. त्यांना उत्तर आधीच माहीत असते. खरे मूल काय उत्तर देईल, हे खऱ्या वर्गातच समजते.

आमच्या समोर घडलेला एक प्रसंग सांगतो. एक छात्राध्यापिका सहावीला अपूर्णांकांची बेरीज शिकवत होत्या. १/२ आणि १/३ यांची बेरीज एका मुलाने २/५ सांगितली. बाई म्हणाल्या, "चूक, बस खाली," आणि पुढे गेल्या. पाठटाचणात ३५ मिनिटे ठरलेली होती आणि घड्याळ धावत होते. पाठ संपल्यावर आमच्या मार्गदर्शक शिक्षिकेने त्यांना एवढेच विचारले, "त्याने २/५ का सांगितले?" बाईंना सांगता येईना. मुलाने वरचे आकडे वर आणि खालचे आकडे खाली मिळवले होते. त्याच्या दृष्टीने त्याने नियमच पाळला होता.

दुसऱ्या दिवशी बाई कागदाच्या गोल भाकरी कापून घेऊन आल्या. त्या मुलाला म्हणाल्या, "अर्ध्या भाकरीत तू आणखी तुकडा घातलास, तरी तुझे उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे आले?" मुलगा थांबला, हसला, मग म्हणाला, "बाई, हे तर चुकलेच." मग भाकरीचे सहा भाग केले. अर्ध्या भाकरीचे तीन, एक तृतीयांशाचे दोन, मिळून ५/६. त्या दिवशी मुलगा अपूर्णांक शिकला आणि बाई शिकवायला शिकल्या. यात आमच्या मुलाचे नुकसान झाले असे आम्हाला वाटत नाही. मात्र मार्गदर्शक शिक्षिका मागच्या बाकावर नसत्या, तर नुकसान नक्की झाले असते. म्हणून पालकांचा आक्षेप आम्ही पूर्णपणे खोटा मानत नाही. छात्राध्यापकाच्या हाती वर्ग सोपवून शिक्षक ऑफिसात बसले, तर ती आंतरवासिता नव्हे.

आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या मराठी समाजाचे आहे. लिंबायत, उधना, डिंडोलीकडच्या अनेक मुली घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि बी.एड. गुजरातीतून करतात. त्या वर्गात उभ्या राहिल्या की 'बेरीज' म्हणायचे तेथे 'सरवाळो' येते आणि 'मसावि'च्या जागी 'गुसाअ' येते. यात त्यांचा दोष नाही. आमची स्वतःची पदवी हिंदी माध्यमाची. पहिल्या वर्षी अपूर्णांकाला आम्ही 'भिन्न' म्हणत असू आणि मुले खुदखुदत. वर्गातल्या मुलांनीच आम्हाला वर्गातली मराठी शिकवली. सुरतेत मराठी माध्यमाच्या वर्गावर उद्या उभे राहणारे शिक्षक कोठे तयार होणार? मराठी वर्गाचा सराव त्यांना मराठी शाळेतच मिळेल. आम्ही दार लावले, तर उद्या शिक्षक मिळत नाहीत अशी तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

गुजराती आणि मराठीच्या या देवाणघेवाणीला मोठी परंपरा आहे. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. तेथे बालशिक्षणाबरोबर शिक्षक घडवण्याचेही काम चाले. ताराबाई मोडक ही मराठी बाई तेथे जाऊन त्यांच्यासोबत काम करत शिकली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी आपल्यापासून फार दूर नसलेल्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ही गोष्ट मुलांना जवळून पाहिल्यावरच सुचते.

आता आमच्याकडून काय होईल ते सांगतो. छात्राध्यापकाच्या प्रत्येक पाठाला विषय शिक्षक वर्गात बसतील. पाठटाचण आदल्या दिवशी तपासले जाईल. दहावी आणि बारावीला सराव पाठ दिले जाणार नाहीत. पाठानंतर शिक्षक त्याच घटकाची उजळणी घेतील. मूल घरी येऊन "समजले नाही" म्हणाले, तर पालकांनी वहीत दोन ओळी लिहून पाठवाव्यात. ती वही आम्ही छात्राध्यापकांनाही दाखवू, कारण त्यांच्यासाठी तोही धडाच आहे. विश्वस्त मंडळींना विनंती की त्यांनी वर्षातून एकदा तरी मागच्या बाकावर बसून असा एक पाठ पाहावा.

विद्यार्थी मित्रांनो, नव्या बाई किंवा सर वर्गात आले की त्यांची परीक्षा घेण्याचा मोह तुम्हाला होतो, हे आम्हाला ठाऊक आहे. प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर शोधायला त्यांना थोडा वेळ द्या. तुमच्यापैकी काहीजण उद्या याच फळ्यापुढे खडू घेऊन उभे राहतील. तेव्हा हात थोडा थरथरेल, आमचाही थरथरला होता. समोरची मुले शांतपणे ऐकत असली की तो स्थिर होतो.

आपले स्नेहांकित,
आचार्य