परिचर्येचा सन्मान आणि परिचर्येचे मोल

एखाद्या व्यवसायातील श्रेष्ठता कोणी ठरवावयाची, हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. वकिलांतील मोठेपण वकील ओळखतात; शास्त्रज्ञांच्या अकादमीत कोणाला घ्यावयाचे हे शास्त्रज्ञ ठरवितात. परिचारिकांच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ जी स्तुती आली ती इतरांच्या तोंडून आली. कधी कृतज्ञ रुग्णाने त्यांना देवदूत म्हटले, कधी डॉक्टरांनी त्यांच्या आज्ञाधारकपणाची वाखाणणी केली, तर कधी समारंभाला आलेल्या मंत्र्यांनी त्यांच्या त्यागाचे गोडवे गायिले. या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या राजधानीत दरवर्षी शरद ऋतूत होणारा एक समारंभ विचार करण्याजोगा आहे. 'अमेरिकन अकादमी ऑफ नर्सिंग' या संस्थेत निवडून आलेल्या नव्या फेलोंचे त्या समारंभात स्वागत होते, आणि ही निवड करणाऱ्या व्यक्ती परिचर्येच्याच क्षेत्रातील असतात.

गेल्या काही वर्षांत दरवर्षी २०० हून अधिक नवे फेलो या अकादमीत आले आहेत आणि त्यांची एकूण संख्या ३,००० च्या पुढे गेली आहे. अमेरिकेतील नोंदणीकृत परिचारिकांची संख्या ४० लाखांहून अधिक. म्हणजे हजारांत एकीच्याही वाट्याला हा मान येत नाही. नावापुढे चार अक्षरे लागतात. पण त्या अक्षरांबरोबर थैली मिळत नाही. उलट वार्षिक वर्गणी फेलोनेच भरावयाची असते. मग या सोहळ्याचे महत्त्व परिचर्येबाहेरच्या माणसाने का मानावे?

अर्थशास्त्राचा आद्य आचार्य अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. ज्या व्यवसायांना समाजात मान असतो, त्यांत मान हाच मोबदल्याचा मोठा भाग असतो आणि म्हणून रोख मोबदला बहुधा कमी पडतो, असे त्याचे निरीक्षण होते. शिक्षकी पेशातील वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु परिचर्येच्या बाबतीत स्मिथचा हा हिशेबही पुरता लागू पडत नाही. कारण तेथे पैसा कमी होताच, पण व्यवसायाला साजेसा मानही नव्हता. होते ते कौतुक. मान आणि कौतुक यांत फरक आहे. मान मिळालेल्या माणसाचा सल्ला घेतला जातो. कौतुक केलेल्या माणसाला टाळ्या वाजवून कामावर परत पाठविले जाते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेच उदाहरण घ्यावे. मृत्यूच्या आकड्यांची मांडणी करून त्यांनी ब्रिटिश लष्कराच्या आरोग्यव्यवस्थेतील दोष उघडे पाडले, आणि १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना आपले पहिले स्त्री-सदस्यत्व दिले. लोकांच्या स्मरणात मात्र त्यांच्या हातातील दिवा राहिला. हातातील आकडे विसरले गेले.

सहा विद्यार्थिनी

अमेरिकेत या स्थितीला छेद देण्याचा एक लहानसा प्रयत्न १९२२ साली झाला. इंडियानापोलिस येथील इंडियाना विद्यापीठाच्या परिचारिका प्रशिक्षण शाळेतील सहा विद्यार्थिनींनी 'सिग्मा थीटा टाऊ' नावाची गुणवंतांची संस्था स्थापन केली. स्नेह, धैर्य आणि सन्मान या अर्थाच्या तीन ग्रीक शब्दांची ही आद्याक्षरे. यांतील पहिल्या दोन गुणांची अपेक्षा समाज परिचारिकेकडून नेहमीच करीत आला होता. तिसरी गोष्ट मात्र तिने मागावयाची नसते, असाच संकेत होता. त्या सहाजणींनी ती मागितली.

त्यांचे धाडस समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. रुग्णालये स्वतःच्या प्रशिक्षण शाळा चालवीत आणि वॉर्डातील बहुतेक काम या शाळांतील विद्यार्थिनींकडून करून घेत. शिक्षण हे नाव, आणि स्वस्त मजुरी हे वास्तव. शिक्षण संपले की रुग्णालयात फारशा जागा नसत. पदवीधर परिचारिकेला श्रीमंतांच्या घरी खाजगी शुश्रूषेचे काम शोधावे लागे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने या व्यवस्थेवर नेमके बोट ठेवले आणि परिचर्येचे शिक्षण रुग्णालयांच्या गरजांतून सोडवून विद्यापीठांच्या पातळीवर नेण्याचा आग्रह धरला. ही सुधारणा पुरती होण्यास पुढे अनेक दशके लागली.

या विद्यार्थिनींची संस्था केवळ गुणगौरवावर थांबली नाही. १९३६ साली तिने परिचर्येतील संशोधनासाठी ६०० डॉलरचे अनुदान दिले. रक्कम किरकोळ होती. पण तिच्यामागचा विचार किरकोळ नव्हता. परिचर्या म्हणजे केवळ मनाचा चांगुलपणा नसून ते तपासून पाहता येण्याजोगे ज्ञान आहे, हे त्या अनुदानाने जाहीर केले. संशोधनाला वाहिलेले या क्षेत्रातील पहिले नियतकालिक अमेरिकेत निघाले ते १९५२ साली, हे लक्षात घेतले म्हणजे १९३६ च्या त्या पावलाचे मोल कळते.

उपाधी आणि जबाबदारी

अमेरिकन परिचारिका संघटनेच्या आश्रयाखाली १९७३ साली अकादमीची स्थापना झाली, तेव्हा तिचे संस्थापक फेलो होते ३६. निवडीची पद्धत पाहिली तर या सन्मानाचे वेगळेपण ध्यानात येते. किती वर्षे सेवा केली किंवा किती रात्रपाळ्या काढल्या, यावर निवड होत नाही. उमेदवाराच्या मागे विद्यमान फेलोंनी उभे राहावे लागते, आणि तिच्या कामामुळे रुग्णसेवेत, शिक्षणात किंवा शासकीय धोरणात प्रत्यक्ष काय बदलले, हे दाखवून द्यावे लागते. निवड झाल्यावर काम संपत नाही. आरोग्यधोरणाच्या प्रश्नांवर अकादमीला आपले ज्ञान पुरविणे हे फेलोचे कर्तव्य मानले जाते. निवृत्तीच्या दिवशी देण्यात येणाऱ्या शाल-श्रीफळापेक्षा हा प्रकार निराळा आहे.

या सामूहिक ज्ञानाचा उपयोग कसा होतो, याचे उत्तम उदाहरण १९८३ साली दिसले. परिचारिकांची टंचाई हा त्या वेळी अमेरिकेतील रुग्णालयांचा मोठा प्रश्न होता. अधिक शाळा काढाव्यात, अधिक मुली भरती कराव्यात, हा नेहमीचा उपाय सांगितला जात होता. अकादमीच्या अभ्यासगटाने प्रश्न उलटा केला. इतर ठिकाणांहून परिचारिका निघून जात असताना काही रुग्णालयांत त्या येतात आणि टिकतात, असे का? देशभरातील फेलोंना अशी रुग्णालये सुचविण्यास सांगण्यात आले. १६३ रुग्णालयांची छाननी होऊन ४१ निवडली गेली. लोहचुंबकासारखी माणसे ओढून धरणारी म्हणून त्यांना 'मॅग्नेट' रुग्णालये हे नाव पडले.

या ४१ ठिकाणी काही जादू नव्हती. तेथे परिचर्या विभागाच्या प्रमुखाला वरिष्ठ व्यवस्थापनात स्थान होते. वॉर्डातील निर्णय वॉर्डातच घेण्याची मुभा होती. कामाच्या वेळा माणसाचा संसार लक्षात घेऊन आखल्या जात. पुढील शिक्षणाला उत्तेजन मिळे. आणि डॉक्टर परिचारिकेच्या मताला किंमत देत. जेथे मान होता तेथे टंचाई नव्हती, असा या अभ्यासाचा इत्यर्थ. १९९४ पासून या निकषांवर रुग्णालयांना रीतसर मान्यता देण्यात येऊ लागली.

टंचाईचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुने कोडे उलगडताना दिसेल. वस्तूची टंचाई झाली की भाव चढतात, हा बाजाराचा नियम. परिचारिकांची टंचाई वर्षानुवर्षे असूनही त्यांचे वेतन त्या मानाने का चढत नाही? एक कारण असे की, बहुतेक गावांत त्यांच्या श्रमाचे खरेदीदार थोडे असतात. पुष्कळदा एखादेच मोठे रुग्णालय असते. अशा रुग्णालयाने एका नव्या परिचारिकेला जास्त पगार देऊ केला, तर जुन्या साऱ्या परिचारिकांचा पगार वाढवावा लागतो. त्यापेक्षा काही जागा रिकाम्या ठेवून टंचाईची ओरड करणे त्याला स्वस्त पडते.

दुसरे कारण हिशेबाच्या वहीत आहे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या बिलांत शल्यक्रियेचे शुल्क निराळे, तपासण्यांचे निराळे; पण परिचर्या मात्र खोलीभाड्यात मिसळलेली. चादरी, जेवण आणि चोवीस तासांची शुश्रूषा एकाच रकमेत. ज्या सेवेची किंमत कागदावर दिसत नाही, ती व्यवस्थापनाला उत्पन्न न वाटता केवळ खर्च वाटते; आणि काटकसरीची वेळ आली की कात्री प्रथम तेथेच चालते.

ही अदृश्य किंमत दृश्य करण्याचे काम संशोधनाने केले. अकादमीच्या माजी अध्यक्षा लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतील शल्यक्रियेच्या दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एका परिचारिकेवर एक रुग्ण जादा सोपविला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असा २००२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आहे. परिचारिकेचे कष्ट हा मग केवळ तिच्या थकव्याचा प्रश्न राहत नाही. तो रुग्णाच्या जिवाचा प्रश्न होतो. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा करून एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याची मर्यादा घातली. २००४ पासून ती अंमलात आली, आणि २००५ पासून सर्वसाधारण वॉर्डांत हे प्रमाण पाचास एक असे झाले.

सन्मानाच्या मर्यादा

अर्थात या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या व्यवसायाने स्वतःसाठी मान मागितला, त्याने तो आपल्या सर्व भगिनींना दिला नव्हता. दक्षिणेकडील अनेक राज्यांतील संघटनांची दारे कृष्णवर्णीय परिचारिकांना बंद होती. त्यांनी १९०८ साली आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली. अमेरिकन परिचारिका संघटनेने राज्य शाखांना वळसा घालून त्यांना थेट सभासदत्व देण्याचा मार्ग १९४८ साली खुला केला, आणि १९५१ साली त्यांच्या स्वतंत्र संघटनेने आपले विसर्जन केले. फेलो होणाऱ्यांत विद्यापीठांतील प्राध्यापक आणि संशोधक यांचा भरणा मोठा असतो, हाही आक्षेप रास्त आहे. ज्यांचा सारा दिवस रुग्णाच्या उशाशी जातो, त्यांना आपल्या कामाचा परिणाम शोधनिबंधात मांडण्याची सवड कोठून मिळावी?

शिवाय मिळविलेला मान कायमचा नसतो. परिचर्येच्या संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन करणारे विधेयक १९८५ साली अमेरिकन काँग्रेसने मंजूर केले, तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी ते नाकारले; काँग्रेसने तो नकार बाजूला सारला तेव्हा कोठे कायदा झाला. त्यानंतर ४० वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, विद्यार्थ्यांच्या कर्जमर्यादेसाठी 'व्यावसायिक' पदव्यांची जी यादी अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या प्रस्तावातून पुढे आली, तीत वैद्यक होते, विधी होता, ईश्वरशास्त्रही होते, परिचर्या नव्हती. व्यावसायिक पदवीसाठी एकूण २ लाख डॉलर आणि इतर पदव्युत्तर शिक्षणासाठी १ लाख डॉलर अशी ही कर्जमर्यादा. परिचारिकांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला यात नवल नाही. एका शब्दाचे मोल तेथे डॉलरमध्ये मोजले जात होते.

टाळ्यांनंतर काय?

ज्या १९७३ साली ही अकादमी स्थापन झाली, त्याच वर्षी भारत सरकारने परिचारिकांसाठी राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला, हा योगायोग बोलका आहे. निष्ठेने सेवा करणाऱ्या परिचारिकांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव व्हावा, ही गोष्ट निःसंशय चांगली. परंतु एका सन्मानाने परिचारिकांना धोरण घडविणाऱ्यांच्या पंक्तीत नेले. दुसरा वर्षातून एकदा होणारा गौरव राहिला.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी ५ वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्याआधी चार वर्षे, म्हणजे जानेवारी २०१६ मध्ये, खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या हलाखीची दखल सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली होती. न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये वेतन द्यावे आणि २०० खाटांहून मोठ्या रुग्णालयांत ते राज्य सरकारच्या परिचारिकांइतके असावे, अशी शिफारस केली. केरळने २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढली. अनेक राज्यांत मात्र ही शिफारस पगाराच्या पाकिटापर्यंत पोचलेली नाही. पाठ थोपटावयाची आणि पोटाकडे दुर्लक्ष करावयाचे, हा व्यवहार फार काळ चालत नाही. मग परिचारिका परदेशाची वाट धरतात, आणि आपल्याकडे टंचाईची चर्चा पुन्हा सुरू होते.

सन्मान वेतनाची जागा घेऊ शकत नाही. पण खरा सन्मान वेतनाचा, कामाच्या वेळांचा आणि रुग्णांच्या सुरक्षिततेचा प्रश्न सोडविण्याचे साधन होऊ शकतो, हे इंडियानापोलिसच्या सहा विद्यार्थिनींपासून आजच्या फेलोंपर्यंतच्या वाटचालीने दाखविले आहे. वॉशिंग्टनच्या व्यासपीठावर पाऊल ठेवणाऱ्या नव्या फेलोला एकच प्रश्न विचारला गेलेला असतो: तुमच्या कामाने काय बदलले? दरवर्षी १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, आपल्याकडे ठिकठिकाणी पुष्पगुच्छ दिले जातात. त्या व्यासपीठांवरील मान्यवरांना तोच प्रश्न उलट विचारावयास हवा: गेल्या वर्षीच्या पुष्पगुच्छानंतर या परिचारिकांच्या वॉर्डात आपण काय बदलले? त्याचे उत्तर आकड्यांत देता आले, तरच तो सत्कार सन्मान ठरेल.